पडद्यावरचा दर्या

आमच्या घरात कपडा टाकून देण्याची पद्धत नव्हती. आईची साडी पदराकडून विरली की तिचे परकर होत, परकरांतून माझे फ्रॉक, फ्रॉकांतून गोधडीचे थर, आणि गोधडीनेही मान टाकली की तिचं पोतेरं. पोतेऱ्याचं पुढे काय होतं ते मला सांगता येणार नाही. संपलेलं पोतेरं मी कधी पाहिलं नाही. बाबांचा एक जुना सदरा चुलीवरची भांडी उतरवायला ठेवला होता. त्याचा खिसा शाबूत होता आणि आई त्यात काडेपेटी ठेवी. पाहुणे आले की बाबा तो सदरा पायाने आत सरकवत, कारण आलेल्यांपैकी कोणी ना कोणी त्यांना त्या सदऱ्यात पाहिलेलं असे. आता माझ्या मुलीच्या घरी कपडे खराब होण्याआधीच पिशवीत भरून कुठेतरी देऊन टाकतात. घर मोकळं राहतं, तेही बरंच आहे. मी काही बोलत नाही. पिशवी दाराशी ठेवलेली असते तेव्हा तिच्यात काय काय आहे ते मात्र एकदा बघून घेते.

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथून थोडं आत. समुद्र घरातून दिसत नसे, फक्त ऐकू येई, आणि तो सतत ऐकू येत असल्यामुळे आम्ही तो ऐकत नसू. ऐकायचे आवाज वेगळे होते. पहाटे आई चुलीत फुंकणी घाले तो आवाज, मग उकड्या तांदळाच्या पेजेचं रटरटणं, मग बाबा माडांना पाणी लावताना कळशीला कळशी लागे तो. सकाळी पेज आणि आदल्या दिवशीचं बांगड्याचं तिखलं, दुपारी भात आणि मासे, मासे नसतील त्या दिवशी कुळथाची पिठी. कुळथाच्या पिठीच्या दिवशी बाबा जेवताना समुद्राविषयी दोन शब्द बोलत. ते चांगले शब्द नसत.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि कुसुमआते. आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मला कळायला लागल्यापासून ती आमच्याकडेच होती. तिचा नवरा, म्हणजे माझे आतोबा, मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होते. लग्नानंतर काही वर्षं त्यांची पत्रं आली, मग एकदा आली नाहीत. बाबांनी मुंबईला जाऊन कंपनीत चौकशी केली. कंपनीने सांगितलं की ते अमुक एका बंदरात उतरले आणि बोट सुटेपर्यंत परत आले नाहीत. त्यापुढचं कंपनीला माहीत नव्हतं आणि बोट सुटल्यावर माहीत करून घ्यायचं तिला काही कारणही नव्हतं. आते कुंकू लावी, मंगळसूत्र घाली. गावातल्या बायकांची मात्र पंचाईत होई. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे ठरवता ठरवता उशीर होई, त्यामुळे तिला बोलावणं यायचं ते हळदीकुंकू अर्धं उरकल्यावर. ती जात नसे.

तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत आतोबांचे शर्ट होते. घरातल्या कपड्यांना लागू असलेला नियम या शर्टांना लागू नव्हता. पाऊस संपून कडक ऊन पडलं की आते ते शर्ट बाहेर काढी, धुई, घरापुढच्या खळ्यातल्या दोरीवर एका ओळीत वाळत घाली, कोळशाच्या इस्त्रीने इस्त्री करी आणि डांबराच्या गोळ्या घालून परत ठेवी. सगळे निळे होते. आतोबांना दुसरा रंग आवडत नसे म्हणे. एक आकाशी टेरिलिनचा, एक बारीक चौकड्यांचा, एक गडद, लग्नाच्या वेळचा, आणि सगळ्यांच्या शेवटी बोटीवरचा बॉयलर सूट, ज्याचा तेलाचा डाग कितीही धुतला तरी हलला नव्हता. त्या दिवशी आम्ही खळ्यातून वाकून जायचो, कारण बाह्या तोंडावर येत. आई एकदा बाबांना म्हणाली, "भावोजींनी बोट सोडली, पण इस्त्री नाय चुकली तेंची." हे तिने हळू म्हटलं, पण आमच्या घरात हळू म्हटलेलंही सगळ्यांना ऐकू जात असे.

मी नववीत असताना शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. त्याच वर्षी आमच्याकडे चित्रकलेला पाटील सर आले होते. ते घाटावरचे, कोल्हापूरकडचे. आल्यावर पहिला महिना ते डाळभात खात होते. मग एकदा शेजारच्या घरून त्यांना बांगडा आला आणि त्यानंतर डाळीचं नाव त्यांनी काढलं नाही. शाळेचा रंगमंचाचा मागचा पडदा वाळवीने खाल्ला होता, म्हणून कमिटीची सभा झाली. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की कोल्हापूरच्या पेंटरकडून पडदा करून आणावा, त्यावर धबधबा आणि राजहंस असावेत. सर म्हणाले, "मी कोल्हापूरचाच आहे. तिथं राजहंस नाहीत." अध्यक्षांनी विचारलं, मग काय आहे? सर म्हणाले, "म्हशी आहेत. पण तुमच्या पडद्यावर तुमचं गाव का नको?" आणि त्यांनी सांगितलं की मुलं गावातून जुने कपडे गोळा करतील आणि ते कापून, जोडून, शिवून पडदा करतील. रंग नाही, ब्रश नाही. कमिटीला कल्पना पटली असं मला वाटत नाही. पण पेंटर लागणार नव्हता, हे पटलं.

सरांनी एकच अट घातली होती. कपडा कोणाच्या तरी अंगावर झिजलेला हवा. एका घरून कोरा टॉवेल आला, चिठ्ठी लावलेला. सरांनी तो परत पाठवला. त्या घरच्यांनी निरोप दिला की ठीक आहे, वर्षभर वापरून आणून देतो. बाकी मात्र भरभरून आलं. निवृत्त पोस्टमनची खाकी पँट, कोणाची तरी लाल नऊवारी, नवरदेवाचा एक कोट, ज्याचं लग्न मोडलं होतं, आणि जांभळ्या नायलॉनच्या इतक्या साड्या की त्या वर्षी गावातल्या सगळ्या बायकांनी मनातली एक नावडती साडी काढून टाकली असावी. नलूने जाळ्याचे तुकडे आणले. नलू माझी मैत्रीण, तिच्या वडिलांची मासेमारीची लाँच होती. लाँचीला इंजिन आल्यापासून जुनं शीड वळचणीला पडून होतं, ते त्यांनी दिलं. त्या शिडावरच सगळं शिवायचं ठरलं. शाळेच्या विहिरीवर आम्ही दोन दिवस गावाचे कपडे धूत होतो. शाळेच्या आवारात सगळीकडे कपडे वाळत पडले होते आणि जाणारायेणारा थांबून आपला कोणता ते शोधत होता.

सरांना गाव समुद्रावरून दिसतं तसं हवं होतं. त्यांनी आम्हाला कागद दिले आणि काढा म्हणाले. कोणालाच जमलं नाही. आम्ही जन्मापासून समुद्राच्या काठाला होतो, पण मुलींपैकी एकीनेही गाव समुद्रावरून पाहिलेलं नव्हतं. नलूनेही नाही, आणि तिच्या घरची लाँच होती. सरांनी नलूच्या वडिलांना विचारलं. ते आढेवेढे घेत शेवटी म्हणाले, "चेडवांका लाँचीर घेवची पद्धत नाय आमच्यात. पण मास्तर सांगतत तर शाळेचा काम समजान नेतंय." एका सकाळी आम्ही गेलो. खाडीच्या तोंडाबाहेर पडल्यावर सर एका बाजूला वाकले आणि परत येईपर्यंत वाकलेलेच राहिले, त्यामुळे गाव बघण्याचं काम आमच्यावर पडलं. मी आमचं घर शोधत होते. ते नव्हतंच. तिथून गाव म्हणजे माडांची एक ओळ, देवळाचं शिखर, थोडी लाल माती आणि मधून मधून धूर. आपण इतकी माणसं तिथे राहतो, भांडतो, याचा समुद्रावर काही पत्ता नव्हता. त्या वयात मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

मग शिवण सुरू झालं. शाळेच्या लाल कोब्याच्या हॉलमध्ये शीड अंथरलं, सरांनी त्यावर कोळशाने आकार काढले आणि आम्ही कडेने बसलो. मुलंही बसली. कोळ्यांच्या मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांच्या घरी जाळी पुरुषच शिवत. तक्रार आली ती शेतीवाल्या घरांतून. एक बाप दारात येऊन म्हणाला, "माझो झील सुई घेवन बसलो हा, ह्या काय शिक्षण?" सर स्वतः मांडी घालून पोस्टमनच्या पँटीचा माडाचा बुंधा शिवत होते. ते म्हणाले, "या, बसा. बुंधे पुष्कळ आहेत." बाप बसला नाही, पण मुलाला उठवूनही नेलं नाही. लाल नऊवारीची माती झाली. मोडलेल्या लग्नाच्या कोटाचा देवळाचा कळस झाला, त्यावर सरपंचांनी आपलं जाकीट कळसाला लागावं म्हणून दोन दिवस प्रयत्न केला. शेवटी त्यांच्या जाकिटाला गावातला सगळ्यात मोठा खडक मिळाला आणि ते त्यावर समाधानी झाले. जांभळ्या नायलॉनचं काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. सरांनी त्याची संध्याकाळ केली.

राहिला समुद्र. पडद्याचा खालचा अर्धा भाग समुद्राचा होता आणि तो रिकामा होता. शाळेचा गणवेश खाकी आणि पांढरा, बायकांच्या साड्या हिरव्या, लाल, जांभळ्या. निळं म्हणावं असं मिळालं ते दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा. महोत्सव जवळ येत चालला होता. सर म्हणाले, समुद्र करडाही असतो. मुलं म्हणाली, असू दे, आम्हाला निळा हवा.

त्याच सुमारास एक दिवस मी डबा विसरून गेले आणि आते तो घेऊन शाळेत आली. ती सहसा घराबाहेर पडत नसे, पण आई मसाला कुटायला बसली होती. डबा माझ्या हातात दिल्यावर ती निघाली नाही. पडद्याच्या कडेने फिरली, ओळखीचे कपडे बघितले, आणि खालच्या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबली.

"हय काय येतला?" तिने मला विचारलं.

"दर्या."

"मगे कपडो खंय आसा?"

"गावलो नाय."

सर म्हणाले, "निळं मिळतच नाही हो, ताई. निळं घालत नाहीत का तुमच्याकडे लोक?"

"घालतत," आते म्हणाली. "देणत नाय."

एवढंच. ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेज जेवत असताना तिने ट्रंक ओढून पडवीत आणली आणि शर्ट बाहेर काढले. बाबांनी पाहिलं. "आज कित्याक काढलंस?" ते म्हणाले. "ऊन दाखवून झाला मा औंदा?"

"ऊन दाखवूक नाय. शाळेत देतंय."

बाबांचा हात पेजेत तसाच राहिला. ते म्हणाले, "अगो, उद्या तो इलो तर घालतलो काय?"

"उघडो येवचो नाय," आते म्हणाली. "कायतरी घालूनच येतलो."

आईने तोंड चुलीकडे फिरवलं. बाबा म्हणाले, "मी तुका अडवतंय असा नाय. पण लोक म्हणतले, हिना घोवाचे कपडे कापल्यान."

"लोकांका म्हणा, घोव गावलो काय माका कळवा." तिने शर्ट एकावर एक ठेवले, घडी न मोडता, आणि माझ्या पुढे पुढे चालत शाळेत गेली.

कापायला तिने मुलांना दिलं नाही. सरांकडून कात्री घेतली आणि स्वतः बसली. टेरिलिन कापताना एक करकर आवाज येतो, सुती कापडाचा येत नाही. हॉलमध्ये तेवढाच आवाज होता. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, की ती रडेल. नलूही पाहत होती. आते रडली नाही. तिला ती कात्री बोथट वाटत होती आणि तिने ते दोनदा सांगितलं. कॉलर कापून बाजूला टाकायला लागली तेव्हा सर म्हणाले, "कॉलर राहू द्या. उभी शिवली तर लाट होईल." तिने कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि ठेवली. शेवटी बॉयलर सूट आला. तो तिने मांडीवर घेतला आणि मग मात्र थोडा वेळ कात्री चालली नाही. "ह्येका डाग आसा," ती म्हणाली. "जाणा नाय." सरांनी वाकून पाहिलं. "पाण्यातला खडक आहे तो," ते म्हणाले. "भरतीला दिसत नाही तसला." आतेने त्या डागाच्या कडेने कात्री फिरवली.

त्यानंतर ती रोज यायला लागली. मुलांना धावदोरा शिकवी, गाठ चुकली की दोरा ओढून काढून परत घालायला लावी. घरी दिवसभर दहा वाक्यं बोलणारी माझी आते तिथे मुलांच्या टोप्या उडवत होती. एका मुलाने लाट उलटी शिवली तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुझ्या लाटेन गाव बुडात मां रे. परती घे." तिला हसताना ऐकून मला अवघडल्यासारखं झालं होतं, जसं कोणी आपल्या घरातली बंद खोली उघडून त्यात राहायला लागावं. गावात बोलणं झालंच. आतेने मुलाबाळांसाठी नवऱ्याचे कपडे दान केले असं निम्मे लोक म्हणाले आणि निम्मे म्हणाले की तिने त्याला मेलेला धरला. दोन्ही गोष्टी तिच्या कानावर आल्या. तिने सुईत दोरा ओवला.

महोत्सवाच्या दिवशी पडदा टांगला आणि त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाचं जे व्हायचं ते झालं. कोणी नाटक पाहिलं नाही. राजा स्टेजवर आला तेव्हा खालून कोणीतरी म्हणालं, "जरा बाजूक हो, माझी लुंगी दिसना नाय." प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना एक म्हातारे गृहस्थ उठून स्टेजच्या कडेला गेले, आपल्या बायकोच्या लाल नऊवारीवर हात ठेवला आणि तिथेच उभे राहिले, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाहुण्यांना वाटलं ते सत्काराला आले आहेत, त्यांनी त्यांना नारळ दिला. बायकांत बसलेल्या आतेला पलीकडच्या गावच्या एकीने विचारलं, "दर्या कोणाच्या घरचो ओ?" आते म्हणाली, "माझ्या." त्या वर्षी तिला हळदीकुंकवाचं बोलावणं वेळेवर आलं. तिला जाता आलं नाही. सरांनी तिला आठवड्यातून एकदा मुलांचा शिवणाचा तास घ्यायला सांगितलं होतं, आणि तो त्याच वेळी असे.

आतोबा आले ते मे महिन्यात. दुपारची मालवणची एस.टी. येऊन गेली होती. आते आणि मी खळ्यात आमसुलं वाळत घालत होतो. कवाडीत एक माणूस उभा राहिला, उंच, केस पिकलेले, हातात रेक्झिनची पिशवी, अंगात मळका विटकरी शर्ट. मी कोण म्हणून विचारणार तेवढ्यात आते उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि ते तिच्याकडे. मग ती म्हणाली, "चपला भायर काढ. आमसुलां पसरलेली आसत." त्यांनी चपला काढल्या आणि कडेकडेने चालत पडवीत येऊन बसले.

बाबांना मी बोलावून आणलं. बाबा खुर्ची आणायला आत गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले, त्या तशाच राहिल्या, ते दोघेही पायरीवर बसले. आईने गूळपाणी दिलं. मला कोणी आत जा म्हटलं नाही म्हणून मी तिथेच होते. आतोबांनी फारसं काही लांबवलं नाही. बोटीवर वरच्या माणसाशी भांडण झालं, रागाने उतरले, राग गेला तेव्हा बोटही गेली होती. कसेबसे देशात आले. कांडल्याला एका वर्कशॉपमध्ये राहिले. "पयल्या वर्सा वाटला, कायतरी हातात घेवन जातंय," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्सा वाटला, आता काय सांगतलंय. मगे लाज वाटूक लागली. नि लाज दर वर्सा वाढता, कमी नाय होणा."

बाबांनी विचारलं, "थय कोण होता तुझा?"

"होती," ते म्हणाले. "गेली ती. आजारान."

आत स्वयंपाकघरात पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. आदळल्याचा नाही, ठेवल्याचा.

थोड्या वेळाने आते बाहेर आली आणि न्हाणीत पाणी काढलंय म्हणाली. आतोबा उठले, पिशवी चाचपली, आणि संकोचत म्हणाले, "कुसुम, माझे शर्ट आसत मगे?"

"आसत. शाळेत."

"शाळेत कोण घालता?"

"कोण घालणा नाय," आते म्हणाली. आई पदर तोंडाला लावून मागच्या दाराने बाहेर गेली. ती हसायला गेली की रडायला हे मला आजही ठरवता आलेलं नाही. परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं, आणि ते दोन्हींनी होतं. बाबांनी आपला सदरा काढून दिला. तो आतोबांना मनगटाच्या वर येत होता. आतेने त्यांना तिरफळ घातलेली बांगड्याची कढी आणि भात वाढला, सोलकढी दिली, आणखी हवं का विचारलं. ते खाली मान घालून जेवले.

उन्हं कलल्यावर ती त्यांना शाळेत घेऊन गेली. मीही गेले. सुट्टी होती, शिपायाने हॉल उघडून दिला. पडदा भिंतीला टांगलेला होता. आतोबा आधी लांब उभे राहिले, मग जवळ गेले. एका लाटेच्या कॉलरवर बोट फिरवलं. तिला अजून बटण होतं, ते त्यांनी लावून पाहिलं आणि परत काढलं. चौकड्यांचा शर्ट सापडला, लग्नाचा सापडला. मग ते त्या डागापाशी आले.

"ह्यो माझो डाग," ते म्हणाले.

"खडक आसा तो," आते म्हणाली.

ते हसले नाहीत. जमिनीवर बसले. मग म्हणाले, "आता मी काय करूचा?"

"माका इचारतंस? उतारताना इचारलंस?" आतेचा आवाज चढला नाही. ती खिडकीची कडी लावत होती. "इंजिन येता मा तुका? बंदरार लाँची बंद पडान आसत. जा. नि रवाक खोली बघ." ते गेले.

बंदरावर त्यांना लगेच काम मिळालं. नलूच्या वडिलांच्या लाँचीचं इंजिन त्यांनी एका दिवसात चालू केलं, आणि त्यानंतर त्यांच्याविषयी वाईट बोलायची कोळीवाड्याची इच्छा कमी झाली. जेटीजवळ त्यांनी एक खोली घेतली. रविवारी ते आमच्याकडे जेवायला येत. पडवीत बसत, बाबांशी डिझेलविषयी बोलत. आते त्यांना माशाची मोठी तुकडी वाढी, पाहुण्याला वाढतात तशी, आणि त्यांना ती तुकडी गिळताना पाहणं कठीण होतं. हे सात-आठ महिने चाललं. गावाचं मत होतं की तिने एक तर घ्यावं नाही तर हाकलावं. हे असं रविवारी-रविवारी काय? मी मोठी झाल्यावर, लग्न होऊन स्वतः थोडंफार सोसल्यावर, तिला एकदा विचारलं की तू त्यांना इतके दिवस ताटकळत का ठेवलंस. ती घावणे घालत होती. म्हणाली, "मी थांबलंय नाय? तो जरा थांबलो तर काय झाला." मग घावणा उलटला आणि म्हणाली, "नि माका तो ओळखीचो नाय होतो. फोटोतलो वेगळो होतो." हे उत्तर मला तेव्हा अर्धंच कळलं. आता बरंचसं कळतं.

पुढच्या वर्षीच्या संमेलनाआधी पडदा काढला तर समुद्राच्या खालच्या कोपऱ्यात उंदरांनी वीतभर लांबीचं भगदाड पाडलेलं. सर कपाळाला हात लावून बसले. त्यांची बदली झाली होती, हे त्यांचं शेवटचं संमेलन होतं. आते आणि आम्ही मुली भोवती बसलो आणि पुन्हा निळ्याची शोधाशोध सुरू झाली. आतोबा त्या वेळी शाळेच्या मागच्या बाजूला होते. लाउडस्पीकरचा जनरेटर चालू होत नव्हता म्हणून हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं होतं. हातात पाना घेऊन ते हॉलच्या दारात आले, भगदाड पाहिलं, आमचं बोलणं ऐकलं. अंगात निळा शर्ट होता. आल्यावर त्यांनी नवीन घेतला तोही निळाच घेतला होता.

त्यांनी पाना खाली ठेवला आणि शर्टाची बटणं काढायला लागले. मुली इकडेतिकडे बघायला लागल्या. बनियनवर उभे राहून त्यांनी शर्ट आतेपुढे धरला.

आतेने तो लगेच घेतला नाही. "धुतलेलो आसा?" तिने विचारलं.

"सकाळी घातलंय."

"उद्या कामार काय घालतलंस?"

"बघूया."

तिने शर्ट हातात घेतला, शिवण उलटी करून पाहिली, कापड उजेडात धरलं. मला वाटतं, त्या कापडात पाहण्यासारखं एवढं काही नव्हतं. मग तिने कात्री मागितली. आतोबा तिच्यासमोर बसले आणि शिडाची कड दोन्ही हातांनी ताणून धरली, कारण ती सैल राहिली तर टाका उसवतो. ती शिवत गेली तसे ते सरकत गेले. मधे एकदा ती म्हणाली, "घट धर," आणि त्यांनी घट्ट धरलं. दोघं दुसरं काही बोलली नाहीत. आम्ही मुली सुया घेऊन बसलो होतो, पण आम्हाला काम उरलं नव्हतं. सर म्हणाले, चला रे, जनरेटर बघू, आणि जनरेटरमधलं काही कळत नसताना आम्हाला सगळ्यांना बाहेर घेऊन गेले.

शाळा सुटल्यावर मी घरी निघाले तेव्हा ती दोघं पुढे चालली होती. आतोबा बनियनवर, खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि आते त्यांच्या डाव्या हाताला, त्यांच्यापासून तेवढ्याच अंतरावर जेवढं अंतर गावातल्या कोणत्याही नवराबायकोत असतं. तिठ्यावर आमच्या घराची वाट उजवीकडे जाते. ती सरळ गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही.

दिवेलागणीला आईने पानं घेतली. बाबांनी चार पानं पाहिली आणि विचारलं, "कुसुम खंय?"

"बंदराकडे गेली," मी म्हटलं. "आतोबांबरोबर."

आई डाव हातात घेऊन थांबली. पातेल्यात सुरमई होती. रविवार नव्हता, तरी त्या दिवशी कशी कोण जाणे मिळाली होती. "वन्संचा पान झाकून ठेवू?" तिने विचारलं.

बाबांनी भात कालवला. एक घास घेतला, मग दुसरा. "नको," ते म्हणाले. "तिची तुकडी माका घाल."

आईने तुकडीचे दोन भाग केले आणि मोठा मला घातला.